पहिलं नाव वहिनीचं

दादाला फील्डची ऑर्डर आली त्या आठवड्यात आमच्याकडं घर घेण्याचं बोलणं सुरू झालं. फौजेतल्या माणसाला अशी ऑर्डर आली की त्याला सीमेकडं जावं लागतं आणि बायकापोरं बरोबर नेता येत नाहीत. वहिनी आणि माझी सहा वर्षांची भाची तेव्हा छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. ते क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागणार होतं. मग राहायचं कुठं? मायचं उत्तर तयार होतं: राणीसावरगावला, आमच्याजवळ. वहिनीचंही उत्तर तयार होतं: छावणीच्या शहरातच, स्वतःच्या घरात, आणि त्या घराच्या कागदावर पहिलं नाव तिचं.

मी वहिनीच्या बाजूनं होते. माझ्या लहानपणी घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं मात्र खाटेखाली गठ्ठ्यानं असायची. अण्णा, माझे वडील, मेंढरं घेऊन परतले की गुलाबी-पिवळ्या कागदांचा गठ्ठा काखेत मारून बाजाराच्या गावी वाटायला निघत. रोजगार हमीची मजुरी, गायरान, सातबाऱ्यावर बाईचं नाव. मी अक्षरं त्याच कागदांवर शिकले. कागदावर बाईचं नाव असलंच पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पत्रकं लिहायचं काम मी करते.

दादा निरोपाच्या सुट्टीवर आला तेव्हा एका दुपारी आम्ही सगळे ओसरीत बसलो होतो. माय लोकर निवडत होती. दादानं मोबाइलवर त्या कॉलनीचे फोटो दाखवले. छावणीच्या मागच्या रस्त्यावर, फक्त फौजी कुटुंबांसाठी. शाळा जवळ, मिलिटरी हॉस्पिटल जवळ, कॅन्टीन जवळ.

"घर घ्या की," माय म्हणाली. "कोन नको म्हनायलाय? पर निघायच्या तोंडावर नावं कशाला घालायलायस?"

"माय, तिचं नाव लावलं की घरपट्टीची नोटीस तिला यील. मी सुटलो," दादा म्हणाला.

माय हसली नाही. वहिनी पदराशी चाळा करत खाली बघत होती. मग तिनं मान वर केली आणि मायला तिच्या क्वार्टरच्या रांगेतल्या एका बाईची गोष्ट सांगितली. त्या बाईचा नवरा ड्युटीवर असताना गाडी उलटून गेला. सलामी झाली, लोक आले, साहेबांच्या बायकाही येऊन बसल्या. काही महिन्यांनी क्वार्टर रिकामं करायचा कागद आला. सासरच्यांनी ट्रक पाठवला. वहिनीनं तिची भांडी गोणपाटात बांधून दिली. "ती ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली, आत्याबाई, आणि मला म्हणाली, तिकडं मला कुठल्या खोलीत ठेवणारेत तेसुद्धा मला माहीत नाही."

"बास," माय म्हणाली. "आमच्या घरात असं बोलत न्हाईत."

खरंच बोलत नाहीत. आमच्या घरातून दादा बारा वर्षं फौजेत आहे आणि त्याला काही होऊ शकतं हे वाक्य कुणी कधी उच्चारलेलं नाही. तो निघाला की माय दारातून आत जाते आणि मेंढरांना पाणी पाजायला घेते. मला मात्र त्या दिवशी मायचा राग आला. न बोलण्याची सगळी किंमत बायका मोजतात, असं मी तिला तोंडावर सुनावलं. बराच वेळ वाद चालला. शेवटी मायनं एक अट घातली: नाव घाला सुनेचं, पण दादाच्या वतीनं सही करायचा अधिकार पोरीच्या हातात द्या. म्हणजे माझ्या. दादानं माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून दिलं. मी जिंकले असं मला वाटलं.

दादा रुजू व्हायच्या आधी आम्ही चौघं जागा बघायला गेलो. भाचीला शेजारणीकडं ठेवलं होतं. मायनं हट्टानं सोबत यायचं ठरवलं. रेल्वेनं रात्र काढून सकाळी उतरलो आणि रिक्षानं कॉलनीवर गेलो. चार घरं बांधून झालेली, त्यांना आंबा रंग. बाकीच्या जागेवर चुन्याच्या रेघा. पलीकडं एक कोरडा नाला आणि त्याच्यामागं उघडी टेकडी. एजंट पांढऱ्या बुटांत, दादाला 'फौजी साहेब' आणि मायला 'मावशी' म्हणणारा.

मी कागद मागितले. सातबारा, नकाशा, बिगरशेतीचा आदेश. एकेक ओळ वाचली. छावणीच्या ना-हरकतीपुढं 'अर्ज सादर' असं लिहिलेलं होतं. मी विचारलं. एजंट म्हणाला, "मॅडम, ते फॉर्मॅलिटीचं काम आहे, साहेबलोक स्वतः इथं घेतायत." मी मान डोलावली. माझं लक्ष दुसऱ्या पानावर होतं, जिथं खरेदीदार म्हणून आधी वहिनीचं आणि खाली दादाचं नाव टाइप केलं होतं. वहिनीच्या नावाचं स्पेलिंग मी तीनदा तपासलं.

माय आमच्यात नव्हती. ती चुन्याच्या रेघा ओलांडून नाल्याकडं गेली होती आणि वाकून काहीतरी बघत होती. मी हाक मारली तशी ती परत आली.

"गवत बघितलं का?" ती म्हणाली.

"काय झालं गवताला?"

"गुडघ्याएवढं हाय. पवन्या हाय, लय चांगलं गवत. येताना रस्त्याला मी शेरडं बघितली, किती मोजू. आन् ह्या गवताला एकाचं बी तोंड लागलं न्हाई. एक लेंडी दाखव मला हितं."

एजंट हसला. "मावशी, कंपाउंड आहे ना, जनावरं कशी येतील?"

"कंपाउंड तिकडून पडलंय. शेळीला एवढी वाट बास हाय. आन् शेळीला काय तुमचं कंपाउंड कळतं का?"

"आपण मेंढरं बसवायला न्हाई आलो, माय," दादा म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

माय मेंढरांमागं चाळीस वर्षं चालली आहे. जागा कशी आहे हे ती मालकाला विचारत नाही, तिथं कोण चरून गेलं ते बघते. हे मला माहीत होतं. तरीही त्या क्षणी मला वाटलं, हिला नावाचा वाद जिंकता आला नाही म्हणून ही आता गवतावरून खोट काढते आहे. मी तसं बोललेही. "माय, सरळ सांग ना, तुला तिचं नाव नकोय." वहिनी दुसरीकडं बघत होती. माय चुन्याची रेघ ओलांडून रिक्षाकडं चालायला लागली. परतीच्या गाडीत ती खिडकीला टेकून बसली आणि परभणी येईपर्यंत तशीच बसून राहिली.

दादा गेला. जिथं गेला तिथं फोन लागत नाही. आठवड्यातून एखादा, कधी पंधरा दिवसांनी, तोही दोन-तीन मिनिटांचा. खरेदीखताची तारीख ठरली तेव्हा त्याला सांगताही आलं नाही.

मी आदल्या दिवशी वहिनीकडं क्वार्टरवर पोचले. अर्धं सामान बांधून झालेलं होतं. चहा घेत होते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. मग लांबून धम्म असा आवाज, आणि पाठोपाठ आणखी एक. कपातल्या चहावर वलयं उठली. भाची जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली नाही.

"हे काय?"

"तोफांच्या सरावाची रेंज आहे ना टेकडीमागं. गोळे टाकतात," वहिनी म्हणाली. "आज जरा लवकर सुरू केलं."

मी तिला म्हटलं, आपण एकदा जागेवर जाऊन येऊ. तिला जायचं नव्हतं. मी निघाले तशी ती चप्पल घालून मागं आली.

कॉलनीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक म्हातारी शेळ्या चारत होती. पाच-सहा शेळ्या, रस्ता आणि गटार यांच्यामधल्या धुळकट पट्ट्यात. शंभर पावलांवर ते गुडघाभर गवत उभं होतं. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. कुणाची, कुठली, घरी मेंढरं किती, ही बोलणी आधी झाली. मग विचारलं, "मावशी, तिकडं एवढं गवत असताना इथं का चारताय?"

तिनं टेकडीकडं हनुवटी केली. टेकडीच्या माथ्यावर लाल झेंडा होता. मागच्या खेपेला तो नव्हता.

"झेंडा असला की तिकडं जायचंच नाही. शिपाई हाकलतात."

"आणि झेंडा नसला तर?"

"नसला तर कोण जातंय? नाल्यात काय काय येऊन पडतं. फुटलेलं पडतं, न फुटलेलं बी पडतं. पाऊस पडला की मातीतून वर येतं. माझ्या दिराची म्हैस तशाच एकावर पाय पडून मेली तिकडं. दीर बी गेला असता, पण तो मागं बिडी पेटवत राहिला होता." मग तिनं वहिनीकडं, तिच्या साडीकडं, हातातल्या पर्सकडं बघितलं. "तुम्ही घर घेणाऱ्या का? तुमच्यासारखे लय येतात. आम्हाला कोणी विचारत नाही."

आम्ही परत फिरलो. मी वहिनीला म्हणाले, "उद्या सही करायची नाही."

ती चालत राहिली.

"वहिनी, ऐकलंत ना?"

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हशीचं नव्हतं माहीत. बाकीचं होतं."

"माहीत असून?"

ती थांबली. "तीन वर्षं त्या काचा वाजतात, ताई. पोरगी त्या आवाजात झोपायला शिकली. तुम्हाला आज धोका दिसला. मी त्याच्यातच स्वयंपाक करते. नाल्याकडं पोरीला जाऊ द्यायचं नाही, एवढंच ना? मी नाही जाऊ देणार." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यांना जे घर परवडतं त्याच्यात माझं नाव घालणारं दुसरं कोण सापडणार? तुम्हीच म्हणत होतात ना, कागदावर नाव पाहिजे."

"त्या कागदाला छावणीची परवानगी नाही. उद्या घर पाडतील."

"पाडतील तेव्हा माझं पाडतील."

मी खूप बोलले. एजंटाला फोन करून झापलं. तो म्हणाला, रेंज हलणारच आहे, वरूनच ठरलंय, तुम्ही उगीच पॅनिक होताय. दुसऱ्या दिवशी निबंधक कार्यालयासमोर वहिनी नवी साडी नेसून उभी होती आणि मी पिशवीतून मुखत्यारपत्र बाहेर काढलं नाही. एजंट आत-बाहेर करत राहिला. आमचा नंबर पुकारला, आणि नंतर पुढच्यांचा पुकारला.

वहिनी ओरडली नाही. तिनं विचारलं, "हा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता, आठवतं का? आत्याबाईंनी. तुम्ही त्यांचंच काम केलंत." आजही मला वाटतं की मी बरोबर केलं. आणि एका बाईला हक्क मिळत असताना तो माझ्या हातानं थांबला, हेही तितकंच खरं आहे. या दोन्ही गोष्टी एका पत्रकात कशा बसवायच्या ते मला येत नाही.

क्वार्टर सोडायची वेळ आली. सामानाचा ट्रक मीच ठरवला. वहिनी ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर पोरगी. राणीसावरगावला मायनं पुढची खोली सारवून ठेवली होती. गवतावरून तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं. वहिनीनं काळ्या पेट्या भिंतीशी लावल्या आणि उघडल्या नाहीत. रोज लागणारे कपडे ती एका पिशवीतून काढते आणि धुऊन पुन्हा त्याच पिशवीत ठेवते. भाची इथल्या शाळेत जाते. पहिले काही दिवस ती रात्री सारखी जागी व्हायची. इथं आवाज येत नाही म्हणून झोप लागत नाही, असं ती म्हणायची.

मग एका रविवारी दादाचा फोन आला, एकवीस दिवसांनी. मी स्पीकर लावला. चुलीपुढं माय भाकरी थापत होती, दारात वहिनी. मी घाईघाईनं सगळं सांगितलं: रेंज, नाला, परवानगी, सही. वाऱ्याचा घोंगाट येत होता. दादा म्हणाला, "बरं केलंस. रेंज ठाऊक होती, पर गोळे नाल्यात पडतात हे न्हाई कळलं मला. दुसरीकडं बघू. मी आल्यावर बघू."

वहिनीनं डोळे मिटले.

माय पिठाच्या हातानंच उठली आणि माझ्या हातातला फोन तिनं तोंडाजवळ धरला. "आल्यावर न्हाई," ती म्हणाली. "आत्ता. हितं कर न्हाईतर तिकडं कर, पर हिच्या नावचं आत्ता कर. तू न्हाई आलास तर मी हिला कुठं ठिवू? मी गेल्यावर हिला ह्या खोलीत कोन ठिवील?"

आमच्या घरात ते पहिल्यांदा बोललं गेलं, आणि बोलली माय. वहिनी दाराची चौकट धरून खाली बसली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, पण कुणी उलटली नाही.

फोनमधून काही ऐकू येत नव्हतं. माय दोनदा "ऐकलंस का" म्हणाली. मी फोन घेऊन बघितला तर लाइन तुटली होती. कधी तुटली, तिच्या बोलण्याआधी की नंतर, ते कळायला मार्ग नाही. आज नववा दिवस आहे आणि पुन्हा फोन आलेला नाही.