पांढऱ्या दगडांच्या आत

माझा भाऊ जयराज भित्रा आहे. फौजेत नायब सुभेदार आहे, छातीवर पदकांच्या पट्ट्या आहेत, तरी भित्रा आहे. लहानपणी रहिमतपूरला संध्याकाळी परड्यात जायचं म्हटलं की माझ्या झग्याला धरून यायचा. अजूनही निजायच्या आधी दाराची कडी दोनदा बघतो. "तुला फौजेत घेतलं तरी कुणी रं?" असं मी चिडवते, तर म्हणतो, "आक्का, भितो म्हणून तर जित्ता हाय." आमच्या भावकीत घरटी एक माणूस फौजेत. तुला जायचंय का, असं त्याला कुणी विचारलंच नाही, आणि त्यानंही कधी कुरकुर केली नाही.

मी विजयमाला, त्याची थोरली बहीण. मला सांगलीत दिलं. आमचे मालक, लालासाहेब, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला आहेत. घर नदीकडच्या सखल भागात, तेव्हा महापुराच्या वर्षी आमचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. आम्ही शाळेत होतो. सगळी गल्लीच शाळेत होती. होड्या घेऊन फौज आली, तीही त्याच शाळेत उतरली. आम्ही बायकांनी जवानांना भाकरी थापून घातल्या, पोरांनी त्यांच्या टोप्या घालून फोटो काढले. जयराज तेव्हा सुट्टीवर होता, तोही येऊन चिखल उपसत होता. फौज शाळेत आली की आमच्याकडं माणसाला हायसं वाटतं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

पुढं त्याची निवड शांतिसेनेत झाली. निळी टोपी घालून परदेशात जायचं. आफ्रिकेतल्या कुठल्या देशात ते मी सांगत नाही, त्यानं मला शपथ घातलीय. तिथं दोन गटांची लढाई चाललेली. त्याच्या ठाण्याजवळच्या गावात एक पत्र्याची शाळा होती. कधी एका गटाची बंदूकवाली माणसं तिच्यात मुक्काम ठोकायची, कधी दुसऱ्या गटाची. एक गट आत बसला की दुसरा तिच्यावर तोफगोळे टाकणार. एकदा तर पोरं आत असतानाच टाकले. तेव्हापासून शाळेला कुलूप होतं.

ते कुलूप उघडलं आपल्या वकिलातीतल्या एका बाईनं. भार्गवी मॅडम, आपल्या वाईच्या. लढाई थांबवणं आपल्या हातात नसेल, तर निदान शाळा तरी तिच्यातून बाहेर काढायची, असं आपल्या लोकांनी तिथं मनावर घेतलं होतं. म्हणून ही बाई धुरळ्यातून जीप घेऊन आज या गटाकडं, उद्या त्या गटाकडं. यांचा चहा पी, त्यांचा चहा पी, बोलणी खा, परत जा. शेवटी दोघांनी कबूल केलं की शाळेच्या आवारात बंदूक घेऊन कुणी पाऊल टाकायचं नाही. ह्या गटानं नाही, त्या गटानं नाही, आणि निळ्या टोपीवाल्यांनीही नाही. हद्द कळावी म्हणून भोवतीनं दगड मांडले. आता फौजेला दगड दिसला की चुना लावल्याशिवाय राहवतंय होय? जयराजच्या जवानांनी ते सगळे पांढरे करून टाकले. शाळा भरायला लागली. त्यानं मला फोटो पाठवला होता, हद्दीबाहेरून काढलेला, त्यात पोरं ठिपक्याएवढी दिसत होती.

आणि मग एका शनिवारी दुपारी हा गडी गस्तीवरून येताना पावसात सापडला. ट्रक चिखलात रुतला. म्हसवडचा धुळा म्हणून त्याचा एक जवान तापानं फणफणलेला, अंगावरचं सगळं भिजलेलं, दातावर दात वाजत होते. समोर शाळा. सुट्टी होती, आत कुणी नव्हतं, ओसरी कोरडी होती. जयराजनं एवढासाही विचार केला नाही. "चला रं, शाळंत," म्हणाला. नियम त्याला तोंडपाठ होता हो. पण त्याच्या डोक्यात नियम म्हणजे शाळेत तळ ठोकायचा नाही. पावसात घटकाभर टेकलं तर त्याला काय तळ म्हणायचं? आपल्याकडं लग्नाचं वऱ्हाड शाळेत उतरतं, मतदानाची माणसं उतरतात, पुरातली माणसं उतरतात. रायफली भिंतीला टेकवल्या, धुळाला बाकावर निजवला, चहाला आधण ठेवलं.

तेवढ्यात शाळेचे मास्तर पळत आले. म्हातारे गृहस्थ. पांढऱ्या दगडांपाशी येऊन पावसात उभे राहिले, आत काही आले नाहीत. जयराजनं हात करून बोलावलं, चहाचा पेला दाखवला. मास्तर नुसते त्या रायफलींकडं बघत राहिले. तेव्हा कुठं ह्याला आपण काय करून बसलो ते उमगलं. धुळाला उचलून सगळे भर पावसात बाहेर पडले, पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या गटाच्या कमांडरचा निरोप आला. निळ्या टोप्या शाळेत राहिल्या, करार मोडला, आता आमची माणसंही राहतील.

त्याचा फोन आला तेव्हा मी मोरीत भांडी घासत होते. "आक्का," म्हणाला आणि पुढं नुसता श्वास. मला वाटलं ह्यालाच गोळी लागली. "आरं बोल की मुडद्या!" मी ओरडले. "आक्का, माज्यामुळं पोरं मरतील गं," म्हणाला. "शाळा भरवली तर गोळं पडतील. न्हाई भरवली तर ही माणसं आत घुसून बसतील, मग कवाच भरायची न्हाई." त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. वर म्हणतो, रेश्माला सांगू नको, तिचा रक्तदाब वाढतोय. रेश्मा म्हणजे त्याची बायको. आता बया! तिचा रक्तदाब आणि माझं काळीज काय लोखंडाचं? पण नाही सांगितलं. लालासाहेबांनाही नाही. रात्रंदिवस ते एकटीच्या छातीवर घेऊन बसले, आणि भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं.

भार्गवी मॅडम ठाण्यावर आल्या त्या रागानं लाल होऊन. "साहेब, काय करून बसलात हे? आमची माणसं शब्द पाळतात, एवढं एकच मी इतके महिने त्यांना सांगत आले. आता कुठल्या तोंडाने जाऊ?" जयराज मान खाली घालून उभा. मग बाईच म्हणाल्या, "तुमच्याच तोंडाने जाऊ. रायफल ठेवा, बुलेटप्रूफ जॅकेट ठेवा, चला माझ्याबरोबर." वरची परवानगीही त्यांनीच काढली, कशी ते देवाला ठाऊक.

नदीपलीकडं एका झाडाखाली कमांडर बसला होता, जयराजपेक्षा वयानं लहान. भोवतीनं बंदूकवाले. त्यातला एकजण आपल्या बंदुकीचा खटका सारखा खाली-वर करत होता, आणि प्रत्येक आवाजाला माझ्या भावाचं अंग शहारत होतं. जयराज मराठीत बोलणार, मॅडम इंग्रजीत सांगणार, बरोबर आलेले मास्तर त्यांच्या भाषेत. कमांडरनं विचारलं, का राहिलास? मॅडमनी शिकवलं होतं, नुसती माफी मागा. पण भ्यालेला माणूस खरं बोलून जातो. ह्यानं सांगलीचा महापूर सांगितला, होड्या सांगितल्या, बायकांनी घातलेल्या भाकऱ्या सांगितल्या. आमच्याकडं फौज शाळेत आली की लोक निर्धास्त होतात, म्हणाला.

कमांडरनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग तेव्हा तुमच्या पोरांची शाळा कुठं भरली?" पुढं जयराजनं तेच मला विचारलं, तर मलाही नाही आठवलं. भरलीच नव्हती, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

मग कमांडरनं अट घातली. येत्या सोमवारी शाळा परत भरू दे. हा माणूस हत्याराशिवाय, एकटा, दिवसभर आत बसेल. आमच्या शब्दावर भरवसा असेल तर बसेल, मग आम्हीही तुमचा शब्द मानू. दुसऱ्या गटाला मॅडमनी कळवायचं. मॅडम ह्याच्याकडं वळल्या. "साहेब, हे मी तुम्हाला करा असं सांगणार नाही. नाही म्हणालात तर दुसरी वाट शोधेन." जयराज मला म्हणाला, "आक्का, माज्या तोंडात न्हाईच आलं हुतं. व्हय कसं भाईर पडलं कळलंच न्हाई."

तो सोमवार माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. सकाळपासून फोन हातात. त्याचा लागत नव्हता, आणि वाजला की रेश्माचाच. "आक्का, ह्यांचा फोन लागंना, तुमचं काय बोलणं झालं का?" "आगं, रेंज नसंल तिथं," मी म्हणाले, आणि फोन ठेवला. हळद कुटायला घेतली, तशीच ठेवली. देवापुढं बसले, तर दिवा लावायचाच राहिला. बाहेर एका रिक्षाचा टायर फुटला आणि मी फोनच कानाला लावला.

तिकडं जयराज सकाळी शाळेत जाऊन शेवटच्या बाकावर बसला होता. मास्तरांनी घंटा वाजवली. पोरं आली, पण पांढऱ्या दगडांपाशी थांबली. त्यांच्या मागं त्यांच्या आया. मास्तर हाका मारून दमले, एकही पोर पाऊल आत टाकेना. सगळी एकाच ठिकाणी बघत होती. ह्याला वाटलं आपल्या मागं कोणी आहे, म्हणून ह्यानं वळून बघितलं. मागं नुसती भिंत होती. पोरं त्यालाच भ्याली होती.

आता उठून बाहेर जावं तर करार मोडला. बसावं तर शाळा रिकामी, आणि रिकाम्या शाळेत मुक्काम ठोकायला ते टपलेलेच. त्यानं बूट काढले. वर्दीचा सदरा काढला, घडी घालून बाकावर ठेवला आणि बनियनवर बसला. तरी कुणी हलेना. नदीकडनं कसला तरी धडाका झाला, आया पोरांना ओढून मागं सरल्या. "आक्का, माझं बी पाय तसंच पळाय लागलं हुतं," म्हणाला, "निसतं बाकाला धरून बसलो."

मग एक पोरगी दगड ओलांडून आत आली. पुढचे दात पडलेली, एवढीशी. सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हातानं खुणावलं, ऊठ. तो उठला. तिनं त्याच्या कोपरांना खालून टिचकी मारली. त्यानं हात वर केले. तिनं त्याच्या काखा चाचपल्या, कमरेभोवती हात फिरवला, पँटीचे खिसे बाहेर ओढले, वाकून घोट्यापर्यंत पाय दाबून बघितले. ठाण्याच्या नाक्यावर हा रोज तिच्या बापाला, काकाला जसं तपासायचा, अगदी तस्सं.

"आक्का, लय भ्यालो गं," तो मला फोनवर म्हणाला, आणि हुंदके द्यायला लागला. "माज्याकडं काय न्हाई हे ठावं हुतं मला. तरी वाटाय लागलं, हिला काय तरी सापडलं तर?"

पोरीनं पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग दाराकडं वळून मोठ्यानं काहीतरी ओरडली. त्याचा अर्थ मास्तरांनी नंतर सांगितला. ती म्हणाली होती, ह्याच्याकडं काही नाही, या.

पोरं एकेक करून आत आली, आपापल्या बाकांवर बसली, मास्तरांनी फळा पुसला, तरी माझ्या भावाचे हात वरच होते. शेवटी मास्तरांनी जवळ येऊन ते खाली केले.