हँडलला अडकवलेला चौका

मी एकदा माझ्या गळ्यातला चौका (इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी) सायकलच्या हँडलला अडकवला होता. आमच्या लिंगायतांत कुणाला हे सांगितलं की समोरचं माणूस आधी माझ्या गळ्याकडे बघतं, आहे ना अजून जागेवर म्हणून. त्याचं बरोबरच आहे. आमच्यातलं माणूस पाटल्या काढील, कवळी काढून वाटीत ठेवील, पण लिंग अंगावेगळं करणार नाही. मी केलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, नांदेडला बी.एड. झाले होते, डोळ्यांवर तिथूनच आणलेला काळा चष्मा होता आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा चेहरा.

आता आठवायचं कारण नात. ती मध्यंतरी कुठल्याशा डोंगरातल्या तळ्याकाठी सायकल चालवून आली. त्या रस्त्यावर म्हणे गाड्यांना बंदीच. "आजी, तुला खरं वाटणार नाही, रस्त्यावर एकसुद्धा गाडी नाही," ती म्हणाली. मला लगेच खरं वाटलं. असा रस्ता मी शिरूर अनंतपाळला पाहिला होता. फक्त तिथं गाड्यांना बंदी करायची गरज पडली नव्हती.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी शिरूरच्या ज्या शाळेत शिकवत होते तिथल्या दाखल्यांवर शिक्का मात्र अजून जुन्या जिल्ह्याचा उमटायचा. पावसानं पाठ फिरवली होती. दुष्काळी कामातून शिरूरहून तलावाच्या कडेनं डोंगर चढून पलीकडच्या माळावर जाणारा नवा रस्ता निघाला. मुरूम पडला, खडी पडली, पण मधल्या ओढ्यावरचा पूल राहिला. म्हणून एस.टी. नाही, जीप नाही. बैल चारा-छावणीत बांधलेले, म्हणून गाडीही नाही. मैलोन् मैल मोकळा रस्ता, आणि गावात लेडीज सायकल असलेली एकटी मी. माझी आत्या माळावरच्या गावात दिलेली. एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे जेवायला निघाले.

आमच्यात लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत. ऊन व्हायच्या आत पोचावं म्हणून मी पूजा आत्याकडेच करायची ठरवली आणि कोरड्या तोंडानं पायडल मारलं.

पहिला माणूस भेटला तो दोन मैलांवर. उकिडवा बसून, दुसऱ्या रस्त्यावरून आणलेल्या मैलाच्या दगडावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून 'लातूर' लिहीत होता. खाली आकडा नव्हता.

"अंतर नाही लिहिलं?" मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात विचारलं.

"सायबानं नाव दिलंय. आकडा मागून येनार हाय."

"मग लोकांना कळणार कसं?"

"लोक?" त्यानं रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं पाहिलं. "सकाळधरनं तुमीच पयल्या हाव, बाई."

पुढं तलाव. भिंतीवर चढून पाहिलं तर पाणी पार मध्यभागी गेलेलं, गढूळ, परातीएवढं. चार बगळे त्याच्याभोवती उभे होते, पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसे. पाणी हटलेल्या ओल्या गाळात लोकांनी गाळपेर केली होती. भेगाळलेल्या करड्या जमिनीत तेवढाच एक हिरवा पट्टा, काकड्यांचा. राखणीला बसलेल्या म्हाताऱ्यानं हाक मारून एक काकडी पुढं केली.

"पूजा व्हायचीय, आजोबा."

"मग ठिव पिशवीत. लिंगाला दाव अन् मग खा."

घाटाच्या पायथ्याशी चेन उतरली. मी वाकले, तर चौका गळ्यातून लोंबून थेट वंगणात जायला लागला. एकदा पदरात खोचला, पुन्हा सुटला. शेवटी दोन स्वच्छ बोटांनी शिवदोरा (चौक्याचा गळ्यातला दोरा) डोक्यावरून काढला आणि हँडलला दोन वेढे देऊन अडकवला. चेन बसली, हात मातीनं पुसले. चौका गळ्यात परत घालायचा, तर म्हटलं, चढावर पुन्हा हँडलवर आपटत राहील. राहू दे आत्याच्या दारापर्यंत. हे शहाणपण माझं एकटीचं, त्यात कुणाचा वाटा नाही.

घाट मी सायकल ढकलत चढले. निष्पर्ण साग, तापलेले काळे दगड, आणि एवढी शांतता की स्वतःचा श्वास पाठीमागून कुणी यावं तसा ऐकू येई. माथ्यावरून मात्र माळाकडं छान उतार होता. उतारावर वीसेक बाया खडी पसरत होत्या. मी सायकलवर बसले, पायडलवरून पाय उचलले, ते दोन्ही बाजूंना पसरले आणि सुटले. बाया पाट्या टाकून बाजूला पळाल्या. धुरळा त्यांच्या तोंडावर. मागून मोठ्यानं ओरडल्या. मला वाटलं, कौतुक करतायत. मी मागं न बघता हात हलवला.

आत्या दारातच उभी होती. "आलीस? आधी पूजा कर, पानं वाढतेच."

मी हँडलकडं पाहिलं. हँडल होतं.

लहानपणी माझ्या गळ्यात ते लिंग बांधताना गुरूंनी म्हटलं होतं, हे आणि तुझा प्राण वेगळे नाहीत. घरी गोष्ट सांगत ती आमच्या एका पणजीची. लिंग विहिरीत पडलं तर सापडेपर्यंत तिनं दोन दिवस पाणी घेतलं नव्हतं. मला सगळे नियम पाठ होते. पदर गळ्याभोवती घट्ट ओढून मी म्हणाले, "आत्या, शाळेच्या कपाटाची किल्ली वाटेत पडली. आलेच."

"अगं, पूजा करून पाणी तरी पी."

"आल्यावर."

उन्हं तापली होती. सायकल हातात धरून, खडी न् खडी बघत मी आल्या वाटेनं परत चालू लागले. रस्ता असा की प्रत्येक गारगोटी चांदीसारखी चमकायची. दहा वेळा वाकले, दहा वेळा दगडच. जीभ टाळूला चिकटलेली. सकाळी ज्या रिकाम्या रस्त्याचं मला एवढं अप्रूप वाटलं, त्यावर आता विचारायला चिटपाखरू नव्हतं. एखाद्या गुराख्यानं उचलला असेल का? ओढ्यात घरंगळला असेल का? आणि न सापडला तर घरी वडिलांना, अप्पांना, काय सांगायचं, चेन उतरली होती म्हणून?

बाया दिसल्या तशी मी मान आणखी खाली घातली. त्यांच्यामधून बघत बघत वर गेले, बघत बघत खाली आले. त्या हात थांबवून माझ्याकडं पाहत होत्या. त्यांच्यातली एक उंच, कपाळावर गोंदण असलेली बाई पुढं आली. तिला सगळ्या सोजरबाई म्हणत होत्या. तिनं घागरीवरचं फडकं काढलं.

"पानी पी, बाई. तोंड बग कसं झालंय तुजं."

टँकर दोन दिवसांतून एकदा यायचा. त्या घागरीत वीस जणींचा दिवस होता.

"नको," मी म्हणाले.

"घे की."

"नको, खरंच नको."

तिनं फडकं परत घातलं. सावकाश. "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?" मग मागं वळून बाकीच्यांना म्हणाली, "वस्ती गावाभाईर हाय आपली. इसरला व्हता का गं?"

"तसं नाही, मावशी."

"मग कसं हाय? धुरळा आमच्या तोंडात घालताना चाललं की."

कुणीतरी फिसकन हसलं. मला रडू फुटलं. काळा चष्मा असल्यामुळं कुणाला दिसणार नाही असं मला वाटलं, पण पाणी चष्म्याखालून ओघळतंच. लिंग काढून हँडलला अडकवलं, ते पडलं, पूजा झाली नाही, पाणी घेता येत नाही, आत्याशी खोटं बोलले. सगळं एका दमात सांगून टाकलं.

सोजरबाईनं हातानं दाखवलं. रस्त्याच्या मधोमध एक लोखंडी पाटी पालथी पडली होती, वर डोक्याएवढा दगड. तिला वळसा घालून मी दोनदा गेले होते.

"तुज्याच मागं वरडत व्हतो आमी, तर तू टाटा करून गेलीस. आत्ता पानी पाजून सांगावं म्हनलं, तर नको म्हनालीस," ती म्हणाली. "लिंग हाय ते, वळखतो आमी. कुनाचा पाय पडू ने म्हून झाकलं. मुकादम सकाळधरनं एक पाटी कमी म्हून बोंबलतोय."

मी दगड काढला, पाटी उचलली. चौका धुळीत आडवा पडला होता, दोरा तुटलेला. आत लिंग जसंच्या तसं.

तिथंच, खडीच्या ढिगाला टेकून मी बसले. पिशवीतून भस्माची पुडी काढली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि तो हात पुढं केला. सोजरबाईनं हात लागणार नाही असं उंचावरून थोडंसं पाणी सोडलं. पूजा झाली. काकडी लिंगाला दाखवली. मग मी पाणी प्याले. किती प्याले ते सांगायची आजही लाज वाटते. काकडीचे तुकडे करून मी सगळ्यांपुढं केले. दोघी-तिघींनी घेतले, बाकीच्यांनी नाही.

आत्याकडं जाऊन जेवले. तिनं गळ्यातली नवी गाठ पाहिली. आणि भाकरी जरा जोरात वाढली.

उन्हं कलल्यावर मी त्याच रस्त्यानं शिरूरला परत निघाले. ओढा, माळ, मग तो चढ. चौका ब्लाउजच्या आत होता आणि दर शंभर पावलांना मी चाचपून पाहत होते. दुपारी पाणी नाकारलं ते लिंगासाठी, हे खरं. पण चौका गळ्यात असता, पूजा झालेली असती, तर त्या घागरीतलं पाणी मी घेतलं असतं का? ज्यांनी भेद मोडायला सांगितलं त्या आमच्या संतांची, शरणांची वचनं मला तोंडपाठ होती, आणि आत्याच्या गावात त्या वस्तीतल्या बायांचा पेला कुठं वेगळा ठेवतात, तेही. सोजरबाईचा संशय साफ खोटा होता, असं मला त्या चढावर म्हणवेना. आजही म्हणवत नाही.

बाया पाट्या आवरत होत्या. मी सायकलवरून उतरले. काहीतरी चांगलं बोलून जावं म्हणून थांबले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "मावशी, तुम्ही हातात उचलून बाजूला ठेवलं असतं तरी चाललं असतं."

सोजरबाईनं पाटी डोक्यावर पालथी घातली आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

"हे तू आत्ता म्हनतीस, पोरी. सकाळी हात लावू का म्हून आमी कुनाला इचारावं?"