बाबांची अर्धी गोळी

एका आठवड्यात आमच्या मस्कतमधल्या अल मवालेहच्या फ्लॅटमध्ये अकरा कलिंगडं आली. आणली कुणी? तर जन्मभर कलिंगडाची एकच चिरलेली फोड विकत घेणाऱ्या माझ्या बाबांनी!

बाबा पुण्यातले निवृत्त गणित-शिक्षक. त्यांना कंपवात आहे. इथे मस्कतला येण्याआधी डॉक्टरांनी प्रामिपेक्झोल नावाची मेंदूवर काम करणारी नवी गोळी सुरू केली (नाव उच्चारताना आमचीच जीभ थरथरते). आता हातातला चहा सांडत नव्हता, म्हणून आम्ही खूश होतो.

"बाबा, एवढी कलिंगडं?"

"अरे, विकणारा बिचारा एकटा राहतो. मला वाईट वाटलं."

ज्यांना माझ्या दहावीच्या टक्क्यांचंही कधी वाईट-बरं काही वाटलं नव्हतं, ते हे बोलत होते. मग नातीला तीन बॅटी आल्या. मग एका संध्याकाळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "परदेशात येऊन चांगलं केलंस हो सगळं. अभिमान वाटतो मला."

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. बाहेर येऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'बाबांना मस्कत मानवलं! शेवटी मुलाची सेवा.'

पहिल्या कलिंगडानंतर नवव्या दिवशी बोकड आला. आम्ही शाकाहारी, घर तिसऱ्या मजल्यावर.

"यल्ला, जल्दी बोलो, किधर बाँधूँ?" पिकअपवाल्याने विचारलं.

"गॅलरीत," बाबा म्हणाले.

बायकोने दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना कुरुम भागातल्या डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टर हसले नाहीत. "इस गोली से कुछ लोगों का ब्रेक ढीला हो जाता है. खरीदारी रुकती नहीं. और कोई बदलाव?"

"बेटे की तारीफ़ करते हैं," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी तेही लक्षणांमध्ये लिहून घेतलं.

डोस निम्म्यावर आला. बोकड पिकअपवाल्याने परत नेला, कलिंगडं बिल्डिंगभर वाटली. दोन आठवड्यांत बाबा पूर्ववत झाले. हात जरासा थरथरतो, पण चहा सांडत नाही. परवा माझ्या ऑफिसातल्या बढतीची बातमी त्यांना सांगितली. "उशीरच झाला," म्हणाले आणि पेपर उलटला.

मी गॅलरीत जाऊन डॉक्टरांना हळूच फोन लावला. म्हटलं, "डॉक्टरसाब, पौनी गोली चलेगी क्या? बकरा मैं संभाल लूँगा."