वाचनालयाच्या बारा खुर्च्या

त्या बारा खुर्च्यांचं नाव निघालं की अजूनही माझं डोकं तापतं. नव्वदीची सुरुवात होती, मी जळगावात फौजदार होतो. एका वाचनालयाच्या सेक्रेटरींनी फिर्याद दिली: इंग्रजांच्या काळातल्या, वाकवलेल्या लाकडाच्या बारा खुर्च्या एका कारागिरानं वेत विणायला नेल्या, त्या परत आल्याच नाहीत. वर हळूच खबरही पुरवली, “पिंप्राळ्यात त्याचं घर बघा.”

घरात खुर्च्यांच्या बारा गोल बैठका, म्हणजे बसायच्या वेताच्या चौकटी, सापडल्या. पंचनामा केला आणि वेत विणणाऱ्या त्या म्हाताऱ्या आबांना भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत बेड्या घालून आणलं.

ठाण्यात मी दरडावलं, “बाकीचा माल कुठे विकलास?”

“साहेब, मी नुसत्या बैठका आन्यात, सायकलले टांगीसन. बाकी बठ्ठं तठेच बांधी ठेयेल शे.”

म्हणे बाकीचं सगळं वाचनालयातच बांधून ठेवलंय! थापा मारतोय असं वाटून मी एक कानाखाली दिली. मग वेत शाबूत म्हणून वाचनालयात उरलेली तसलीच एक खुर्ची मागवली आणि म्हणालो, “दाखव!”

आबांनी आठ-दहा स्क्रू काढले. अख्खी खुर्ची सुटी होऊन टेबलावर पडली. पाठ आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच दांडा, वाफेवर मऊ करून वाकवलेला, कुठे सांधा नाही. युरोपातून या खुर्च्या अशाच सुट्या, पेट्यांत भरून जहाजानं आल्या आणि इथे जोडल्या, हेही मला आबांनीच सांगितलं. अरे, बारा खुर्च्या एका सायकलवर येतील कशा, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता! फौजदार कसला, बैल होतो मी.

वाचनालयाच्या शिपायाचा जबाब घेतला. सेक्रेटरींनी सुतळीनं बांधलेल्या बारा मोळ्या टेम्पोत घालून नेल्या होत्या. त्याला ते सरपण वाटलं होतं. धुळ्यात जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात बाकीचा सगळा मुद्देमाल मिळाला.

सेक्रेटरींना अटक करताना मात्र माझ्या तोंडून निघालं, “साहेब, जरा चला.” बेडी नाही, वर जीपमध्ये पुढची सीट. या गोष्टीची चीड मला सगळ्यात जास्त येते.

सुटताना आबा एवढंच म्हणाले, “गल्लीमाईन तुम्हीच लई उनात, साहेब. आते घर सोडालेबी तुम्हीच चाला. लोकेसले सांगा, मी चोर नही शे.”

ज्या गल्लीतून मी त्यांना आणलं, तिथून घरापर्यंत सोडायलाही मीच यावं, एवढंच त्यांचं मागणं. मला वेळ नाही, असं सांगून मी हवालदाराला पाठवलं. त्यानं आबांना गल्लीच्या तोंडाशीच सोडलं.

पुराव्याआधी मी माणसाची पायरी बघतो, हे या प्रकरणानं मला दाखवलं. पिंप्राळा ठाण्यापासून सायकलवर पंधरा मिनिटं. वेळ होता. मी गेलो नाही.