खांद्यावरचा हात

संदीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी वृत्तपत्राच्या कार्यालयात होतो. दुपारी त्याच्या आईने सांगितलं, "हार घालायला त्येचा एक चांगला फोटो काढून आण रं." आमच्या खासबाग भागातल्या निम्म्या लग्नांचे फोटो काढणारा माणूस, त्याचा फोटो लगेच मिळेल असं वाटलं...

त्याच्या संगणकावर त्याचे स्वतःचे फोटो पुष्कळ होते. प्रत्येकात पोट सपाट केलेलं, खांदे रुंद केलेले. आमची मैत्री शाळेपासूनची. आपल्याला पुरुष आवडतात, हे त्याने मला कॉलेजात असताना सांगितलं होतं. हे फोटो तो मोबाइलवरच्या ओळखींना पाठवायचा. एकजण निपाणीच्या स्टँडवर त्याला बघून न बोलताच परत गेला. त्यानंतर जिममधली इंजेक्शनं सुरू झाली, भूक मारायच्या गोळ्या आल्या, कुणाला भेटण्याआधी धीर यावा म्हणून दारू आली. "नवरदेवाचं पोट चुटकीसरशी घालवतोय, माझंच जाईना बघ," म्हणून हसायचा. मी टोकलं की म्हणायचा, "तुला काय रं, तुझं लगीन झालंय." पुढे जोडीदार मिळाला, तरी यातलं काही सुटलं नाही. चाळिशीच्या आत त्याचं हृदय बंद पडलं.

काकूंनी ते फोटो पाहिले आणि परत दिले. "ह्यो माझा संदीप न्हवं."

शेवटी मी बसूला बोलावलं. तो संकेश्वरचा, साखर कारखान्यात नोकरीला, काही वर्षांपासून संदीपचा जोडीदार. या घरात पूर्वी कधी आला नव्हता. दारातच उभं राहून त्याने मोबाइल पुढे केला. गुऱ्हाळावरचा फोटो. संदीप बनियनवर, पोट सुटलेलं, बोटांना गूळ, तोंडभर हसू. खांद्यावर बसूचा हात.

"ह्यो पुसून टाक म्हणालता," बसू म्हणाला. "मी पुसला न्हाय."

काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून फोटो पाहिला. संदीपचे मामा मला म्हणाले, "झ्याक हाय. तेवढा हात काप." पानात बसवायला फोटो कापणं माझं रोजचं काम. मी मोबाइल हातात घेतला. बसू खाली बघत होता...

"ऱ्हाऊ दे त्यो हात," काकू म्हणाल्या. "कुणीतर धरलंतं त्येला." मग दाराकडे वळून, "आत ये की रं. जेवलास काय?"

फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे. काकू हार बदलतात तेव्हा नवा हार थोडा बाजूला सरकवतात, हात झाकला जाऊ नये म्हणून.