दीपगृहावरचं भांडण

भीती वाटली की कुणी देवाचं नाव घेतं, कुणी डोळे मिटतं. माझी शिरोळची मैत्रीण भांडते. मुलांनो, सबंध कोल्हापुरात इतकी भित्री आणि इतकी भांडखोर बाई दुसरी नसेल, आणि तिचे हे दोन गुण म्हणजे एकच गोष्ट आहे हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं. इंजेक्शन घ्यायचं असलं की ती डॉक्टरांच्या अक्षरावरून वाद काढते. लिफ्टचं दार बंद झालं की शेजारच्या अनोळखी गृहस्थाला सुनावते, "पावणं, जरा सरकून उभं ऱ्हावा की! लिफ्ट काय एकट्याची हाय?"

यंदा थंडीत आम्ही दोघी मैत्रिणी कोकणात गेलो होतो. तिथं इंग्रजांच्या काळातल्या एका जुन्या दीपगृहाची डागडुजी करून ते लोकांना पाहायला खुलं केलं आहे. बाहेरून पांढरंशुभ्र, आत गोल फिरत जाणारा लोखंडी जिना. तिनं दारातच रखवालदाराला धरलं. "ह्यो जिना हलतोय की!" तो म्हणाला, "नाही हो ताई, वारा आहे." "मग बंद ठेवायचं! माणसं माराय उघडलंय व्हय?" तरी ती आलीच, कारण खाली एकटं थांबायची भीती त्याहून मोठी होती. चढताना तिनं इंग्रजांना, लोहाराला, माझ्या गुडघ्यांना, कुणालाच सोडलं नाही. अंधारात घुमणाऱ्या त्या आवाजाचा खरं तर मला आधारच वाटत होता.

वरच्या गॅलरीत आलो. खाली तिन्ही बाजूंना पाणी. आणि ती एकदम गप्प झाली. पुराच्या वर्षी ती घराच्या स्लॅबवर अडकली होती, भोवती कृष्णेचं पाणी, हे मला तेव्हा आठवलं. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. हाक मारली, हलवलं, रखवालदारानं हात पुढं केला, ती दगडासारखी. हिची शुद्ध गेली तर त्या अरुंद जिन्यावरून हिला उतरवायचं कसं, या विचारानं मीच घाबरले. मी जन्मात कुणाशी भांडलेली नाही. पण होता नव्हता तेवढा आवाज चढवून म्हणाले, "तुझ्या पांढऱ्या रश्श्याला काही चव नसते. नुसतं खोबऱ्याचं पाणी!"

तिनं मान वळवली. "काय म्हणालीस?"

"तुझ्या सुनेचा बरा असतो."

"सुनंचा? अगं, तिला शिकवला कुणी? चल खाली, दावतो तुला!"

ती उठली. कठडा घट्ट धरून ती पुढं, मी मागं. आवाज बारीक झाला की मी तिच्या स्वयंपाकातली आणखी एक खोट काढायची, की पुन्हा तडतडायला सुरुवात. जमिनीला पाय लागल्यावर ती पाणी प्यायली आणि तिनं माझा हात धरला. "तुला भांडाय येत न्हाय," ती म्हणाली. "हात बघ कसा कापतोय." तो हात तिनं परतीचा घाट चढेपर्यंत सोडला नाही.

गेल्या शनिवारी तुमचा नेहमीचा फोन वेळेवर आला नाही. ती आली, मी चहा केला, आणि साखर कमी पडली म्हणून तिनं आवाज चढवला. मीही चढवला. तुमचा फोन वाजेपर्यंत आम्ही दोघी भांडत बसलो होतो.