वडिलांचा आवाज

फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला बेगम बाजारातला गोळीबार आठवतो. आमचं संस्थान भारतात विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि संस्थानाबाहेरच्यांना नोकऱ्या देऊ नका म्हणत विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. आई आणि मी मसाल्याच्या दुकानात अडकलो होतो. समोर पोलिसांसोबत माझे मॅजिस्ट्रेट वडील उभे होते. दगड येऊ लागले तसे ते ओरडले, "हट जाओ!" कुणी हटेना, तेव्हा त्यांनी "फायर" म्हटलं. पोरं रस्त्यावर कोसळली, धावणाऱ्यांच्या पायांखाली तुडवली गेली. संध्याकाळी थोरला भाऊ रक्तानं माखलेल्या सदऱ्यात घरी आला. "तुला लागलं?" वडिलांनी घाबरून विचारलं. "नाही. तुमचा आवाज ओळखून मी खाली वाकलो. शेजारचा वाकला नाही." वडील गेले तेव्हा भावानं खांदा दिला, पण त्या संध्याकाळनंतर दोघांत एक शब्दही झाला नव्हता. तो हुकूम वरून आला होता की वडिलांचा स्वतःचा होता, हे विचारायचं धाडस, वडील आज असते तरी, मला झालं नसतं.